आकडा संध्याकाळी सांगतो

दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या मुख्य ऑफिसातून मेल येतो: २० तारखेला आनंद दिवस साजरा करा, फोटो पाठवा. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये हा दिवस ठरवला आणि २०१३ पासून तो पाळायला सुरुवात झाली. गोव्यात कुंडईच्या आमच्या औषध कारखान्यात तो पोहोचला तो फुग्यांच्या रूपात. २०२२ ला वीस तारीख रविवारी आली, म्हणून आम्ही शनिवारीच उरकून घ्यायचं ठरवलं. आदल्या दिवशी धुळवड झाली होती. कोविडमुळे २०२१ ला सार्वजनिक शिगम्याला बंदी होती, त्यामुळे त्या वर्षी डिचोली-सत्तरीकडची माणसं कारखान्यात शरीराने होती, मनाने गावच्या मांडावर, जिथे शिगमो खेळतात.

मी तिथे एचआरमध्ये. फुगे माझे नव्हते, पण शिडी माझी होती.

शिडी म्हणजे एक प्रश्न. शून्य ते दहा पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. दहावी म्हणजे तुमच्यासाठी सगळ्यांत चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे सगळ्यांत वाईट. आज तुम्ही कुठे उभे आहात? हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ही शिडी मांडली. जागतिक आनंद अहवालात देशांचे क्रमांक लागतात ते याच उत्तरांवरून. तो अहवाल नेमका आदल्या दिवशी आला होता. फिनलंड सलग पाचव्यांदा पहिला, भारत १४६ देशांत १३६वा. म्हटलं, आपल्या पॅकिंग हॉलचा आकडा तरी काढू. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, एवढंच.

अडीच वाजता पहिली पाळी सुटायच्या बेतात आणि दुसरी आत यायच्या बेतात असताना सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं. बाहेरून आलेल्या ट्रेनरने हास्याचे व्यायाम घेतले. मास्क लावून हसणारी दोनेकशे माणसं फार विचित्र दिसतात. डोळे तेवढे बारीक होतात, आवाज कुठून येतोय कळत नाही. मग तो म्हणाला, "तुम्हाला काय शिकवायचं! तुम्ही गोंयकार, सुशेगाद माणसं!" तिथेच हसू आटलं. समोरच्या बायका साडेपाचची बस धरायला पहाटे चारला उठून डबे करून आलेल्या. सुशेगाद म्हणजे निवांत, आरामात जगणारा; हा शब्द बाहेरच्यांच्या तोंडी आला की मलाही खटकतो, पण त्या दिवशी तो ऐकून कोणी उत्तरसुद्धा दिलं नाही, हे जास्त खटकलं.

चिठ्ठ्या घेऊन केबिनमध्ये बसले. पाच, सहा, पाच, सात, चार. एकाने 'फुगे कितीला पडले?' असं विचारलं होतं. आणि मग ही:

'आकडा संध्याकाळी सांगतो. पाळी लागू दे.'

आधी हसू आलं. पण पुढे तशाच आणखी निघाल्या. 'लिस्ट लागल्यावर विचारा.' '५. दुसरी पाळी लागली तर २.' एकूण अकरा.

पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांची यादी आमच्याकडे शनिवारी पाच वाजता बोर्डावर लागायची. सोमवारी सकाळी सातला यायचंय की दुपारी तीनला, हे माणसाला रविवारच्या तोंडावर कळणार. मुलाला डॉक्टरकडे कधी न्यायचं, लग्नाला जायचं की नाही, सगळं त्या कागदावर टांगलेलं. आणि त्या कागदावर दर शनिवारी सही कोणाची? माझी. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास मी मार्कांसाठी पाठ केला होता. कामावर स्वतःचा ताबा जितका कमी, तितका हृदयविकाराचा धोका जास्त. पाठ केलेलं आणि सही केलेलं यांची गाठ चार वर्षांत पडली नव्हती.

प्लॅनिंगवाल्या साहेबांकडे गेले. "ऑर्डरी शुक्रवारी कळतात," ते म्हणाले. गेल्या तीन महिन्यांच्या याद्या मी पुढे ठेवल्या. पाचपैकी तीन लाईनींवर महिनाभर तेच औषध, त्याच पाळ्या. बदलत होत्या त्या दोनच. मग पाचही लाईनींची यादी शनिवारपर्यंत का अडवायची? जरा वेळाने खरं कारण बाहेर आलं. "लवकर लावली तर लोक रजा टाकतात."

यादी त्या दिवशी बदलणं माझ्या हातात नव्हतं. अदलाबदलीला मात्र कागदोपत्री बंदी कुठेच सापडली नाही. पूर्वी कधीतरी काही घोळ झाला होता आणि कोणीतरी तोंडी बंद केलं होतं. क्वालिटीच्या अधिकारीण बाईंची एकच अट: दोघांचंही त्याच मशीनवर ट्रेनिंग झालेलं असलं पाहिजे, तशी नोंद हवी. नोंदी माझ्याकडेच होत्या. एक शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या आणि पाच वाजता बोर्डाशेजारी टेबल टाकून बसले.

चहाच्या सुट्टीत गोळ्या पाकिटात बंद करणाऱ्या ब्लिस्टर मशीनवरचे एक काका आले. यादी वरून खाली वाचली, पुन्हा वर गेले. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात दुसरी पाळी. "मॅडम, ती चिठ्ठी माझी," आपणहून म्हणाले. गावच्या रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, ते तासो हे चर्मवाद्य वाजवतात. रंगपंचमी मंगळवारी, आणि रात्री अकराला सुटून सत्तरीत पोहोचेपर्यंत मांडावर कोण राहणार?

मी वही पुढे केली. त्यांना वाटलं, रजेचा अर्ज आहे.

त्याच मशीनवर पहिल्या पाळीला लागलेली एक ख्रिस्ती बाई चहाचा कप घेऊन मागे उभी होती. तिने वाकून पाहिलं आणि काकांना म्हणाली, "हांव घेतां तुजी दुसरी पाळी. पूण म्हाका पास्कांपयलींचो बिरेस्तार सोड." ईस्टरच्या आधीचा गुरुवार, चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना. काकांनी लगेच मान डोलावली. वहीतली पहिली ओळ त्यांची: शिगमो इकडे, पास्कां तिकडे, खाली सुपरवायझरची सही. चहाची सुट्टी संपेपर्यंत सात ओळी भरल्या.

मुख्य ऑफिसला फुग्यांचे फोटो गेले, फार छान असं उत्तरही आलं. शिडीचा सरासरी आकडा मी पाठवला नाही. अकरा जणांचं उत्तर यायचं होतं. तीन लाईनींची यादी महिन्याची एकदम लावायला पुढे जून उजाडला, आणि उरलेल्या दोन लाईनींसाठी माझं भांडण अजून चालू आहे.

बुधवारी सकाळी सातला कामाचे स्वच्छ कपडे चढवायच्या गाऊनिंग रूमबाहेर गडबड ऐकू आली म्हणून गेले. काकांच्या कानामागे, मानेवर, नखांत गुलाल. औषधाच्या लाईनवर रंगाचा कण गेला तर अख्खी बॅच अडकायची, त्यामुळे क्वालिटीच्या बाई दारात आडव्या. "तीनदा धुतलंय हो," काका म्हणत होते. डोळे लाल होते. झोप झाली का, हे मी विचारलं नाही. बाईंनी हातमोजे चढवले, ओला कापूस घेतला आणि स्वतःच त्यांच्या कानामागे घासायला लागल्या. काका मान वाकवून उभे होते, आणि स्टीलच्या बाकावर त्यांची दोन बोटं तासो वाजवत होती.