तुम्ही विचारलंत म्हणून : मनिऑर्डर आली का?

प्रकल्पाची वही घेऊन शाळेतली मुलं येतात, मे महिन्यात मुंबईकरांची नातवंडं येतात, आणि प्रश्न फिरून तोच. "आणीबाणी, इंदिरा गांधींची हत्या, मुंबईचे बॉम्बस्फोट, हे सगळं झालं तेव्हा तुम्ही इथेच होतात ना? मग एवढ्या आडगावात तुम्हाला ते कळायचं कसं? आणि कळून तुम्हाला फरक काय पडायचा?"

मी गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यात शाखा पोस्टमास्तर होतो. पोस्ट आमच्याच पडवीत. एक टेबल, वजनकाटा, तारखेचा शिक्का आणि कुलपाची पेटी. शेती सांभाळून हे काम.

कळायचं कसं, याचं उत्तर सोपं आहे. रेडिओ होता. सकाळी सातनंतरच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय गुरं सुटत नसत. पेपर दुपारच्या एसटीने यायचा, आणि पावसात रस्ता खचला की दोन-तीन दिवसांचे गठ्ठे एकदम. ३१ ऑक्टोबर १९८४ ला आकाशवाणीने इंदिराजी गेल्याचं संध्याकाळी सांगितलं, पण वरच्या वाडीत एक निवृत्त शिक्षक होते, ते बीबीसी लावायचे. त्यांनी दुपारीच येऊन सांगितलं. लोक त्यांच्यावरच चिडले, असलं अभद्र बोलता म्हणून.

फरक काय पडायचा, हे मात्र सावकाश सांगायला हवं.

गाव एका बाजूला होतं, पण गावातली कमावती माणसं नव्हती. कुळवाडीतले बाप्ये परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या कापडगिरण्यांत. मोहल्ल्यातले कुवेत, दुबईला. गावात राहायचे म्हातारे, बायका आणि पोरं. त्यामुळे जगात काहीही होवो, दुसऱ्या दिवशी माझ्या पडवीत पहिला प्रश्न ठरलेला : "मास्तर, मनिऑर्डर आली का?"

मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली निरोपाचा एक तुकडा असायचा. पैसे देऊन, सही किंवा अंगठा घेऊन झाला की तो फाडून घरच्यांना द्यायचा. बहुतेकींना वाचता येत नसे, मग वाचून दाखवणं माझ्याकडेच. "रुपये शंभर पाठवले आहेत. आवणीला माणसं लावा. आईच्या डोळ्यांचं बघा. पाड्याला विकू नये." नवऱ्याचा आवाज महिन्यातून एकदा एवढाच ऐकू यायचा, तोही माझ्या तोंडून. ती बाई पदर दातांत धरून ऐकायची आणि मग म्हणायची, "परत एकदा वाचा."

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही, उलट शिमग्याला गाव इतकं भरलेलं आम्ही आधी पाहिलं नव्हतं. पालखी नाचवायला खांदेकऱ्यांची रांग. संप म्हणजे दोन-तीन महिन्यांची रजा, पगारवाढ घेऊनच परत जायचं, असाच सगळ्यांचा समज. माणसांनी पावसाआधी घरं शाकारली, कुंपणं घातली, वर्षानुवर्षं पडीक राहिलेल्या वरकस जमिनीत नाचणी टाकली.

गणपती आले तेव्हा रंग बदलला होता. मनिऑर्डरी आटल्याच, पण उलटी वाहतूक सुरू झाली. मुंबईत खोली धरून राहिलेल्या भावाला, लेकाला गावाकडून तांदूळ जायला लागला. मुंबईच्या गाडीच्या टपावर गोणी, गोणीवर नाव आणि चाळीचा पत्ता. कोकणाने मुंबईला पोसायचं, हे माझ्या वडिलांच्या पिढीला सांगितलं असतं तर हसले असते. ज्यांचे निरोप मी वाचून दाखवत होतो तीच माणसं आता स्वतः पडवीत येऊन बसायची, पेपरातली सामंतांची बातमी दोनदा वाचायची आणि काही न बोलता उठून जायची. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. काहींना परत घेतलं, पुष्कळांना नाही. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. ज्यांनी इकडे दुकान टाकलं, रिक्षा घेतली, बागेत राखणीला राहिले, ते सगळे कागदोपत्री जणू अजून संपावरच आहेत.

संपाचं खापर कुणावर फोडावं यावर आमच्याकडे आजही भांडणं होतात. माझं मत विचाराल तर, मालकांना जागेचा भाव दिसत होता आणि कामगारांना फक्त पगाराची चिठ्ठी. सामंत नसते तरी गिरण्या फार टिकल्या नसत्या. पण ही माणसं इतक्या रिकाम्या हातांनी परत आली नसती, एवढं नक्की.

मोहल्ल्याचा १९८२ आठ वर्षांनी आला. कुवेतहून पैसे मनिऑर्डरीने येत नसत, बँकेचा ड्राफ्ट रजिस्टर टपालाने यायचा. त्या लांब पाकिटाची घरातल्या प्रत्येकाला ओळख होती. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि पाकिटं एका दिवसात थांबली. पत्र नाही, तार नाही, फोन लागत नाही. मोहल्ल्यातल्या बायका एरवी पोस्टात फारशा यायच्या नाहीत, मुलाला पाठवायच्या. त्या महिन्यात स्वतः यायच्या. मी पिशवी उघडताना समोर उभ्या, आणि मी मान हलवली की सलाम करून जायच्या.

मग कळायला लागलं, की माणसं बसने इराक ओलांडून जॉर्डनच्या छावण्यांत पोचलीत आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणताहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबर, जवळपास ४९० फेऱ्या, एक लाख सत्तर हजारांच्या आसपास माणसं. आमच्याकडचा एक जण असाच आला. पंधरा वर्षांची नोकरी, हातात एक रेक्झिनची बॅग. पोस्टात येऊन त्याने खिशातून कुवेती दिनार काढून टेबलावर ठेवले. "मास्तर, ह्याचं काय होईल का?" काय होणार? कुवेतची बँकच जागेवर नव्हती, मुंबईतही कुणी त्या नोटांना हात लावत नव्हतं. समोर गिरणीतून आलेला एक जण बसला होता. तो एवढंच म्हणाला, "ये, आता आमच्यात."

पुढचं वर्ष-दीड वर्ष त्या दोघांनी मिळून होडी चालवली. नंतर लढाई संपल्यावर हा परत आखातात गेला. गिरणीवाला कुठे जाणार?

१९९२ च्या ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा. तेव्हा गाड्या भरून माणसं गावी आली, दोन्ही धर्मांची, एकाच एसटीने. गावात काही झालं नाही. होणार नाही अशी खात्री होती, असं मात्र म्हणणार नाही. १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली, आणि पडवीतली रांग पुन्हा तीच : अमक्याचं काही कळलं का? पण या वेळी एक नवीन गोष्ट होती. स्फोटकं उतरली होती ती रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला. कस्टमच्या माणसांनी पैसे खाल्ले, हे पुढे खटल्यात सिद्ध झालं. इतकी वर्षं मुंबईत घडायचं आणि त्याचा धक्का आमच्याकडे यायचा, आता वाट उलटी झाली होती. नंतर नौदल आणि तटरक्षक दलाची गस्त सुरू झाली, आणि पहाटे मासे घेऊन येणाऱ्या पोरांना नाव-गाव सांगावं लागायला लागलं. कुठल्या नावाला जास्त प्रश्न पडायचे, ते सांगायला नको.

त्याच वर्षी अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे भूकंप म्हटला की कोयनाच, १९६७ पासून तसंच. त्यामुळे पहिला तासभर सगळे कोयनेचीच चौकशी करत होते. मग दहा हजारांच्या घरातले मृत्यू ऐकले. त्या आठवड्यात माझ्या खिडकीवर गावातून बाहेर जाणाऱ्या मनिऑर्डरी भरल्या गेल्या, मुख्यमंत्री निधीला. दहा, वीस रुपयांच्या.

१९९५ ला गणपती दूध प्यायला, तो निरोप मुंबईहून एसटीडी बूथवर काही तासांत पोचला. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची बातमी शेजारच्या गावातून यायला त्याहून जास्त वेळ लागायचा. याहून जास्त त्या दुधावर बोलण्यासारखं काही नाही.

कोकण रेल्वेबद्दलही विचारतात. राजापूरचे खासदार मधु दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते, १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर गादी आली ती त्यांच्यामुळे, पण तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मतदारांना बसायला गाडीच नव्हती. ती पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ ला. माणसं सहज येऊ-जाऊ लागली, पैसे खिशातून आणू लागली, आणि मनिऑर्डरीची वही पातळ होत गेली.

सगळ्यांत मोठी घटना कुठली, असं एक मुलगी परवा विचारत होती. मी संप म्हटलं. तिच्या पुस्तकात त्याला दोन ओळी आहेत. पण गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायचं ठरलं तेव्हा सरकारनेही पात्रता मोजली ती १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांची. अजून माणसं येतात माझ्याकडे अर्ज भरायला. बरेच वारले, आता मुलं-सुना येतात. गिरणीतला तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, काहीतरी लागतं. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत असलं काही सापडलं तर मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स घेऊन या. सकाळी अकरापर्यंत मी घरी असतो.