फोर बाय फोर करून घेताय? मग आधी दाते मोजा

जुन्या महिंद्रा जीपवाल्यांमध्ये एक खूळ कायम असतं. फोर बाय टू (चारपैकी दोनच चाकांना इंजिनची ताकद) कमांडर किंवा मेजर स्वस्तात मिळते, मग मिलिटरी डिस्पोजलचा पुढचा ॲक्सल आणायचा, एक ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) शोधायची, मिस्त्रीकडे गाडी महिनाभर सोडायची आणि झाली फोर बाय फोर. खर्चाच्या गप्पा सगळ्या टायर, बंपर, विंच यांच्या. डिफरंशलबद्दल (ॲक्सलमधला, डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) कोणी विचारतच नाही, कारण तो खाली चिखलात असतो आणि फोटोत दिसत नाही. पण चार चाकांपैकी कुठलं ढकलणार आणि कुठलं नुसतं फिरणार हे तोच ठरवतो.

आधी एक गैरसमज. "डिफरंशल सगळा टॉर्क (फिरवण्याचा जोर) घसरणाऱ्या चाकाला देतो" असं सर्रास बोललं जातं. तसं नाहीये. साधा ओपन डिफरंशल दोन्ही बाजूंना टॉर्क कायम सारखाच देतो, तिथेच तर गोची आहे. समजा डावं चाक चिखलात आहे आणि १०० न्यूटन-मीटरच्या वर ते घसरतं, उजवं मस्त कातळावर आहे. कातळावरचं चाक ९०० सहज पेललं असतं पण त्यालाही १००च मिळणार, कारण चिखलातल्या चाकाने त्याहून जास्तीचा विरोधच केला नाही. दोन्ही मिळून २००, गाडी जागेवर. इंजिनची पॉवर मात्र खरंच घसरणाऱ्या चाकात जाते, कारण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग आणि वेग फक्त त्याच चाकाला आहे, ती सगळी चिखल उडवण्यात आणि टायर तापवण्यात संपते.

आता ट्रान्स्फर केस. जुन्या जीपची पार्ट-टाइम ट्रान्स्फर केस हा डिफरंशल नाहीच. फोर बाय फोरचा लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा प्रॉपलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) एकमेकांना घट्ट जोडले जातात, दोन्ही एकाच वेगाने फिरणार म्हणजे फिरणारच. लोक याला "फिफ्टी-फिफ्टी" म्हणतात, पण सारखा असतो तो वेग, टॉर्क नाही. पुढची दोन्ही चाकं हवेत असतील तर सगळा टॉर्क मागे जाईल. म्हणजे पुढे-मागे हिशोब पकडीप्रमाणे होतो, पण डावी-उजवीकडे दोन्ही ॲक्सल ओपनच. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक अशी तिरकी दोन चाकं लटकली की चारही चाकांची जीप ढिम्म हलत नाही आणि बघणारे म्हणतात "फोर बाय फोर आहे ना रे तुझी?"

आणि याच घट्ट जोडणीमुळे रेशोचा प्रश्न येतो. जीपच्या क्राऊन-पिनियनच्या (डिफरंशलमधली मोठी आणि छोटी दातेरी चाकं) जोड्या वेगवेगळ्या मिळतात, आणि त्यांच्या दातांचा भागाकार म्हणजे रेशो, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तेवढे फेरे: ४३ आणि ८ दात म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. आधीच्या मालकाने हायवेला इंजिन फार ओरडतं म्हणून मागे ४.२७ टाकलेला असतो, आणि डिस्पोजलमधून आणलेला पुढचा ॲक्सल निघतो ५.३८चा. मग मागची चाकं एक किलोमीटर जातात तेव्हा पुढची फक्त ७९५ मीटर जायला बघतात, म्हणजे पुढची चाकं चक्क ब्रेक लावून बसलेली. ४.८८ आणि ५.३८मध्येसुद्धा १० टक्के फरक आहे. चिखलात टायर घसरून हा फरक पचवतात, कोरड्या रस्त्यावर पचवायला जागा नाही, मग शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट तुटतो, ट्रान्स्फर केसचे गिअर ओरडतात, लिव्हर अडकून बसतो आणि शिव्या खातो मिस्त्री.

मिस्त्री शपथेवर सांगेल "सेम आहे साहेब", तरी स्वतः मोजा. इंजिन बंद, ट्रान्स्फर केस न्यूट्रल, एक चाक जॅकवर आणि त्याच ॲक्सलचं दुसरं जमिनीवर. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन अशासाठी की दुसरं चाक थांबलेलं असताना डिफरंशलची केज (क्राऊन जिला जोडलेला असतो ती) अर्ध्याच वेगाने फिरते. पाच आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर ५.३८, पाचाला जरासं कमी पडलं तर ४.८८, सव्वाचार तर ४.२७. पुढच्याला हेच, फक्त फ्री व्हीलिंग हब (पुढची चाकं शाफ्टपासून सुटी करणारे) असतील तर लॉक करून.

हे करताना बाकीच्या चाकांना दगड लावाच. जुन्या विलिसच्या (मूळ अमेरिकन जीप) घराण्यातल्या जीपना हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो, आणि शाफ्ट अडकलेला असला तरी मागचं एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं, गाडी खुशाल जॅकवरून उतरते. टायर बदलताना यात लोक जखमी झालेत.

रेशो जुळले तरी डांबरी रस्त्यावर लिव्हर नको. वळणात पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर जातात. ८० इंची व्हीलबेसची जीप मागच्या ॲक्सलला ५ मीटर त्रिज्येने वळवली तर पुढच्याला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ८ टक्के जास्त अंतर. १९७०ची रेंज रोव्हर आणि १९७७ची लाडा निवा यांनी म्हणूनच पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरा डिफरंशल दिला आणि त्याला लॉकही (दोन्ही बाजू एकत्र जखडणारा) दिला, कारण तो नुसता ओपन ठेवला असता तर चारातलं एक चाक घसरलं की चारही गेली.

पैसे उरले तर असाच लॉक, म्हणजे लॉकर, मागच्या ॲक्सलच्या डिफरंशलला टाका. पुढे टाकला तर स्टीअरिंग झुंजायला लागतं. महिंद्रानेही २०१५च्या थारला ईटन कंपनीचा आपोआप लागणारा लॉक मागेच दिला. वेल्डिंग मारून डिफरंशल जाम करायचा देशी जुगाड गावात वापरायच्या गाडीला नको, प्रत्येक वळणाला टायर घासतो. आणि लॉक असला की हाफ शाफ्टचा (डिफरंशलपासून एकेका चाकापर्यंत जाणारा दांडा) विचार करा, इंजिनचे १०० न्यूटन-मीटर धरले, पहिल्या गिअरचे तीन पट, ट्रान्स्फर केसच्या लो गिअरचे २.४६ पट, वर ५.३८, जवळपास ४००० होतात, आणि ते सगळे एका शाफ्टवर येऊ शकतात. ओपनमध्ये निदान अर्धे अर्धे होतात.

पैसे नसतील तर घसरताना उजव्या पायाने थोडा ॲक्सिलरेटर आणि डाव्याने हलकासा ब्रेक. ब्रेकने घसरणाऱ्या चाकाला विरोध मिळतो, तेवढा टॉर्क पलीकडच्यालाही वाढतो. मारुतीच्या जिमनीचा कॉम्प्युटर हेच करतो, फक्त ज्या चाकाला हवंय त्यालाच ब्रेक लावतो. जीपमध्ये क्लचसाठी तिसरा पाय लागतो, पण लो पहिल्यात क्लच पूर्ण सोडून चालवता येते, त्यामुळे जमतं.

कागदांचंही बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल अंगाशी येऊ शकतात.