नुसत्या रेघा

"ह्यात वाचायला काय न्हाई की, नुसत्या दगडांवर रेघा हाईत," झेरॉक्सवाले काका पानं उलटत म्हणाले.

हंपीच्या बोल्डरिंगचं, म्हणजे दोराशिवाय मोठाल्या दगडांवर चढायचं, गाइडबुक. सीनियरकडून दोन दिवसांसाठी आणलेलं. नवं घ्यायचं तर मेसच्या पैशांना हात लावावा लागतो, म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सला दिलं.

पहिलंच पान बाहेर आलं आणि जीव कसनुसा झाला. फोटोत चढायच्या वाटा दाखवणारी लाल रेघ, पिवळी रेघ, दोन्ही काळ्याच. सोपी व्ही १ कुठली, अवघड व्ही ६ कुठली, कळेना. उतरायची वाट तर सावलीत बुडून गेली.

त्या एकेका रेघेसाठी कुणीतरी उन्हात ग्रॅनाइटवर बोटं सोलून घेतलीत, पकडी ब्रशनं साफ केल्यात. काकांना हे सांगितलं. म्हणाले, "मग इकतच घ्या की."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. जुनी आवृत्तीही चालेल. तिच्यात हंपीजवळच्या विरुपापूर गड्डी बेटावरचे गेस्टहाउस असतील, ते २०२० मध्ये पाडले. दगड तिथंच आहेत. फक्त पानं रंगीत हवीत. चौघांत वर्गणी काढू, हरिप्रिया एक्सप्रेसनं हंपीजवळचं होस्पेट गाठू, क्रॅशपॅड, म्हणजे पडलं तर लागू नये म्हणून खाली टाकायची गादी, भाड्यानं घेऊ.

कुणाकडे वापरलेली प्रत आहे का?