ऑपरेशननंतर केमो कधी?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यावर केमो साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू करतात. त्याआधी जखम भरायला हवी, कारण केमोने पांढऱ्या पेशी घटतात आणि ओल्या जखमेत जंतुसंसर्ग झाला तर तो आवरणं अवघड जातं. पण ९० दिवसांच्या पुढे गेलं की उपचाराचे परिणाम बिघडतात, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (गाठीत हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू प्रथिन, तिन्ही निगेटिव्ह) जास्तच. तिथे रेंगाळू नये.

उशीर दरवेळी जखमेमुळेच होतो असं नाही, तपासण्या आणि रिपोर्टमुळेही होतो! बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये हर-टू (कर्करोगाच्या पेशींची वाढ घडवणारं प्रथिन) '२+' आलं तर ते ना धड पॉझिटिव्ह, ना निगेटिव्ह. मग फिश तपासणी (हर-टूच्या जनुकाची) लागते आणि त्यात आणखी दिवस जातात. ती तपासणी लगेच करायला सांगून टाका. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ततपासण्या, हिपॅटायटिस बीची तपासणी, दातांची कामं, हे सगळं जखम भरत असतानाच उरकता येतं. पुढे मूल हवं असेल तर बीजांडं गोठवण्याचं पहिल्याच भेटीत बोला. त्याला साधारण दोन आठवडे लागतात.

ड्रेनमधून (ऑपरेशनच्या जागी साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी) २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी पाणी येऊ लागलं की नळी काढतात. नंतर काखेत पाणी साठलं तर सुईने काढता येतं. नुसत्या त्यासाठी केमो सहसा थांबवत नाहीत. लाली, पू, ताप किंवा काळी पडलेली कातडी असेल तर मात्र थांबावंच लागतं.

रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या सहसा केमो संपल्यावरच.