लोकेशन हिस्टरीची फाइल अ‍ॅपमध्ये चढवताना: माझा अनुभव

नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेन्ट्स समुद्र आहे. हिवाळ्यात तिथे आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. मी ज्या अ‍ॅपमध्ये माझी लोकेशन हिस्टरी, म्हणजे फोन कधी कुठे होता याची गूगलकडची नोंद, चढवली, त्या अ‍ॅपच्या मते २०१६ पासून मी रविवार-सणवार धरून सगळे दिवस या समुद्रात काढले आहेत. आणि वर हिरवी खूण: ‘आयात पूर्ण. त्रुटी नाहीत.’

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. अशी अ‍ॅपं आता बरीच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांकडे ही हिरवी खूण असते. पण फाइल चढवायला बसणार असाल तर आधी हे वाचा. निदान तुमचं गाव तरी पाण्यात जाणार नाही.

मी ठिबक सिंचनाच्या कामात आहे. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा हा माझा पट्टा. कुठल्या वर्षी कुठल्या शिवारात गेलो होतो, कुठल्या रस्त्याने गेलो होतो, हे बघायला गूगल मॅप्सची टाइमलाइन फार उपयोगी पडायची. ती कॉम्प्युटरवर मोठ्या पडद्यावर बघायची सोय डिसेंबर २०२४ पासून बंद झाली. माहिती आता खात्यात न राहता फोनमध्ये राहते. खासगीपणाच्या दृष्टीने ते बरंच आहे, माझी तक्रार नाही. पण फोनच्या वीतभर पडद्यावर आठ-नऊ वर्षांचे रस्ते बघता येत नाहीत, म्हणून दुसरं अ‍ॅप शोधलं.

फाइल मिळवायला काही त्रास झाला नाही. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग लोकेशन, मग लोकेशन सर्व्हिसेस, मग टाइमलाइन, आणि तिथे ‘एक्सपोर्ट टाइमलाइन डेटा’. फोनचा पिन विचारतो आणि ‘टाइमलाइन डॉट जेसन’ नावाची फाइल हातात देतो. आयफोनवाल्यांना ही सोय गूगल मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये ‘पर्सनल कंटेंट’खाली मिळेल. बऱ्याच जणांची गाडी इथेच चुकते, कारण जुन्या सवयीने ते गूगल टेकआउटमधून (खात्यातली माहिती उतरवून घ्यायची गूगलची सोय) झिप मागवतात. माहिती एकदा फोनवर गेली की टेकआउटच्या झिपमध्ये सेटिंग्ज आणि किरकोळ चिठ्ठ्याचपाट्या उरतात, प्रवास नसतो. झिप अगदीच हलकी आली तर ती चढवायच्या भानगडीत पडू नका.

आता मुख्य रडगाणं.

अ‍ॅपला फाइल दिली. पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर गेली आणि हिरवी खूण आली. ठिपके: शून्य. त्रुटी: शून्य. म्हणजे एवढी मोठी फाइल गिळली, त्यातलं काहीही कळलं नाही, आणि तरी सगळं ठीक! ‘मला ही फाइल वाचता येत नाही’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर माझ्या कित्येक संध्याकाळी वाचल्या असत्या.

कारण नंतर कळलं. या माहितीचे साचे निदान तीन आहेत. टेकआउटच्या जुन्या ‘रेकॉर्ड्स डॉट जेसन’मध्ये अक्षांश-रेखांश एक कोटीने गुणून लिहिलेले असतात, म्हणजे १८.५२०४३ च्या जागी १८५२०४३००. अँड्रॉइड फोनच्या नव्या फाइलीत तेच ‘१८.५२०४३०३°, ७३.८५६७४३७°’ असे, अंशाच्या चिन्हासकट, अवतरणात लिहिलेले असतात. आयफोनच्या फाइलीत आकड्यांच्या आधी ‘जिओ’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं असतात, आणि फाइलीची आतली रचनाही वेगळी असते. अ‍ॅपवाल्यांनी यातला एखादाच साचा डोळ्यांसमोर ठेवलेला असला की बाकीच्यांचे शून्य ठिपके. फाइल चढवण्याआधी तिच्या पहिल्या काही ओळी बघून घ्या. ‘सिमँटिक सेगमेंट्स’ दिसलं तर अँड्रॉइडची नवी, ‘लोकेशन्स’ दिसलं तर जुनी रेकॉर्ड्सची. मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडायला गेलात तर कॉम्प्युटर धापा टाकतो, त्यापेक्षा ती ब्राउझरच्या किंवा चांगल्या कोड एडिटरच्या खिडकीत ओढून टाका. आणि फक्त बघा, सेव्ह करू नका. एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) बिघडलं तर अंशाच्या चिन्हाआधी टोपीवाला ए चिकटतो आणि मग चांगल्या अ‍ॅपलाही ते आकडे वाचता येत नाहीत.

अ‍ॅपच्या मदतकक्षाने कळवलं की फाइल जिओजेसनमध्ये (नकाशावरच्या जागा लिहायचा एक प्रमाण साचा) बदलून द्या, ते आम्ही नक्की घेतो. बदलून देणारा एक फुकट प्रोग्रॅम मिळाला. घरच्याच कॉम्प्युटरवर चालणारा होता, म्हणून घेतला. (हे आत्ताच सांगतो, नाहीतर राहून जाईल: ही फाइल कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर ‘कन्व्हर्ट’ करायला टाकू नका. तुम्ही रात्री कुठे झोपता, मूल कुठल्या शाळेत आहे, बँक कुठली, सगळं त्यात आहे.) प्रोग्रॅमने जिओजेसन दिली, अ‍ॅपने ती घेतली, ठिपके हजारोंनी आले. मी खूश. नकाशा उघडला तर महाराष्ट्र कोरा. भारतच कोरा. पार वर, नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधोमध, निळ्या पाण्यात लाल ठिपक्यांचा एक पुंजका.

मदतकक्षाला चित्र पाठवलं. उत्तर आलं की तुमची फाइल वैध आहे, आयात यशस्वी झाली आहे, आणखी काही मदत लागल्यास जरूर कळवा. मी परत लिहिलं, अहो, मी पुण्याला राहतो. त्यावर उत्तर आलं की सर्व आकडे स्वीकारार्ह मर्यादेत आहेत. मग प्रोग्रॅम बनवणाऱ्याला विचारलं. त्याचं म्हणणं, मी तर फाइलीत जसं होतं तसंच दिलं. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मी समुद्रात.

उलगडा केला पारनेरने. तो पुंजका मोठा करून बघत होतो. जवळजवळ सगळे ठिपके पाण्यात, पण मधे एक छोटं बेट होतं आणि काही ठिपके चक्क त्या बेटावर. बेअर आयलंड, नॉर्वेच्या मालकीचं. हवामानखात्याच्या ठाण्यातली मोजकी माणसं सोडली तर तिथे वस्ती नाही. एका ठिपक्यावर क्लिक केलं. अक्षांश ७४.४४, रेखांश १९.००. हे आकडे मला ओळखीचे होते. ठिबकच्या अनुदानासाठी मोका तपासणी होते तेव्हा शेताचा जिओ-टॅग फोटो लागतो, आणि फोटोवरचे आकडे बघून बघून आमच्या पट्ट्यातली गावं आकड्यांनी पाठ झालेली असतात. पारनेर म्हणजे १९.००, ७४.४४. अक्षांश एकोणीस, रेखांश चौऱ्याहत्तर. इथे नेमकं उलटं!

जिओजेसनचे नियम आरएफसी ७९४६ नावाच्या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात आहेत, ऑगस्ट २०१६ च्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की आधी रेखांश, मग अक्षांश. आलेखात आधी आडवा एक्स, मग उभा वाय, तसं. पण आपण बोलताना, शाळेत शिकताना, फोटोवर, सगळीकडे अक्षांश आधी. फोनच्या फाइलीतही अक्षांशच आधी. त्या प्रोग्रॅमने आकडे त्याच क्रमाने उचलून जिओजेसनमध्ये ठेवले, अ‍ॅपने प्रमाणाप्रमाणे पहिल्या आकड्याला रेखांश मानलं, आणि पुण्याचे १८.५ व ७३.९ जाऊन बसले सुमारे सात हजार किलोमीटर दूर.

आणि ही आपल्याच वाट्याची गंमत आहे. अक्षांश नव्वदच्या वर असू शकत नाही. टोकियोचा रेखांश १३९ च्या पुढे आहे. तिथल्या माणसाची फाइल उलटी झाली असती तर अ‍ॅपला ‘१३९ अक्षांश’ दिसला असता आणि त्याने फाइल तिथल्या तिथे नाकारली असती. आपल्याकडे गुवाहाटीचा माणूसही वाचला असता, तिथला रेखांश ९१ च्या वर आहे. पण महाराष्ट्र सगळा बहात्तर ते एक्क्याऐंशीच्या आत. म्हणजे उलटे केले तरी आपले आकडे ‘स्वीकारार्ह मर्यादेत’च राहतात. मदतकक्षातल्या माणसाने एकदा नकाशाकडे नजर टाकली असती तरी पुरे होतं. त्याने मर्यादा तपासली.

भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला. ‘मामा, दोन ओळींचं काम आहे, स्क्रिप्ट पाठवतो,’ म्हणाला. ती स्क्रिप्ट अजून यायची आहे.

शेवटी क्यूजीआयएसने काम केलं. हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर आहे. सर्व्हेवाले वापरतात म्हणून ऐकून होतो. फाइल त्याच्या खिडकीत ओढून टाकायची, प्रोसेसिंग टूलबॉक्स उघडायचा आणि शोधपट्टीत ‘स्वॅप’ लिहायचं. ‘स्वॅप एक्स अँड वाय कोऑर्डिनेट्स’ नावाचं साधन समोर येतं. चालवा, आणि जो नवा थर तयार होईल तो जिओजेसन म्हणून सेव्ह करा. बस्स. ठिपके बॅरेन्ट्स समुद्रातून उठले आणि नगर रोडवर वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर असे ओळीने येऊन बसले. सुप्याला डावीकडे वळून पारनेरला गेलेली रेघ दिसली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

एवढं करूनही नवी फाइल लगेच चढवू नका. आधीची आयात पूर्ण काढून टाका. थोडेसे ठिपके जरी वर राहिले तरी अ‍ॅप पुणे ते समुद्र आणि समुद्र ते पुणे अशी रेघ मारतं आणि दर फेरीचे चौदा हजार किलोमीटर तुमच्या प्रवासात धरतं. ठिपके पुसल्यावरही एकूण अंतराचा आकडा जुनाच दिसत असेल तर सेटिंग्जमध्ये आकडेवारी पुन्हा मोजायचं बटण कुठेतरी असतं, ते शोधा.

पहिल्यांदा पूर्ण फाइल न देता एखाद्या आठवड्याचा तुकडा काढून द्यावा. ज्या आठवड्यात आपण कुठे होतो ते पक्कं आठवतं असा. नकाशा, तारीख आणि वेळ, तिन्ही जुळतात का बघावं. मी वेळ म्हणालो, कारण तिथेही गोम आहे. फोनच्या फाइलीत वेळेपुढे ‘+०५:३०’ लिहिलेलं असतं. बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने सगळं ग्रीनिचच्या वेळेत नेलं आणि अ‍ॅपने ते तसंच दाखवलं. पहाटे साडेचारला घर सोडलं की नकाशावर आदल्या रात्री अकराला निघालेला दिसायचो. दिवसाची कामं बरोबर तारखेला, पण पहाटेचा प्रवास आदल्या तारखेला. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये टाइम झोन कोलकाता करून ठेवा आणि मगच आयात करा. नंतर बदलून उपयोग होतोच असं नाही.

अ‍ॅप स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, भाच्याने फोनवर सांगितलेली: मोठी फाइल चढवताना ‘४१३’ (म्हणजे फाइल फार मोठी) असा आकडा दाखवून गाडी अडली तर अ‍ॅपला दोष देऊ नका. अ‍ॅपच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवलेला असेल तर तो मुळात एक एमबीच्या वरची फाइल आत घेत नाही, ती मर्यादा वाढवावी लागते.

नव्या फाइलीत जुन्या वर्षांचे ठिपके विरळ असतात, दोन गावांमध्ये थेट सरळ रेघ येते. बारकावे हवे असतील आणि जुनी टेकआउटची ‘रेकॉर्ड्स’ फाइल कुठे जपून ठेवलेली असेल तर ती सोन्याची. माझ्याकडे होती. ती अ‍ॅपने पहिल्या फटक्यात, बरोबर जागी घेतली. तिच्यात वेगळंच दिसलं: मी पारनेरला असताना दर काही मिनिटांनी पुण्याला घरी येऊन परत गेलेलो. घरातला जुना टॅब माझ्याच खात्यावर चालू होता आणि तोही आपली जागा इमानेइतबारे नोंदवत होता. त्या फाइलीत प्रत्येक नोंदीला ‘डिव्हाइस टॅग’ नावाचा आकडा असतो, फोनचा वेगळा, टॅबचा वेगळा. टॅबचा आकडा गाळला की हेलपाटे थांबतात. शिवाय ‘अ‍ॅक्युरसी’ या रकान्यात हजाराच्या वर मीटर असलेल्या नोंदीही काढून टाका. त्या मोबाइलच्या टॉवरवरून अंदाजाने घेतलेल्या असतात आणि आपल्याला न गेलेल्या डोंगरावर नेऊन ठेवतात.

फोनमधल्या टाइमलाइनचा बॅकअप चालू आहे का तेही आजच बघा, तो आपोआप असेलच असं नाही. मार्च २०२५ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे काही लोकांची टाइमलाइन पुसली गेल्याचं गूगलनेच कळवलं होतं, आणि ज्यांचा एन्क्रिप्टेड बॅकअप होता त्यांनाच ती परत मिळवता आली. ‘ऑटो-डिलीट’ तीन महिन्यांवर लागलेलं नाही ना, तेही तिथेच दिसतं. मी आता महिन्याच्या महिन्याला फाइल काढून कॉम्प्युटरवर ठेवतो. अ‍ॅपमध्ये मात्र त्यातला नवा तुकडाच चढवतो, कारण सगळी फाइल पुन्हा दिली तर हे अ‍ॅप तेच ठिपके दुसऱ्यांदा घेतं आणि वर हिरवी खूण देतं.