सही जुळत नाही

परवा चेक परत आला. कारण : सही जुळत नाही. बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवर माझी वीस वर्षांपूर्वीची नमुना सही दाखवली. 'कु'च्या उकाराला काय झोका होता! "काका, अशीच करा ना." सांगायला सोपं. हात कुठे ऐकतो?

अशा वेळी मला बाकूचा, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीतला, एक म्हातारा आठवतो. खरा नव्हे, मनातला. नाव अहमद, जन्म 1910 च्या आसपासचा. लहानपणी सही शिकला अरबी लिपीत, उजवीकडून डावीकडे. 1922 मध्ये बाकूत लॅटिन अक्षरांतलं वर्तमानपत्र निघालं आणि 1929 पासून अरबी लिपी बंदच. हाताने दिशाच बदलायची! अरबी लिपीत तुर्की भाषांचे स्वर मावत नाहीत, हे सोव्हिएत सरकारचं कारण अगदीच खोटं नव्हतं. पण कझाक भाषातज्ज्ञ अहमत बायतुर्सिनुलींनी तीच लिपी दुरुस्त करून स्वरांची सोय लावली होती. त्यांना 1937 मध्ये गोळी घातली.

तोवर तुर्कस्ताननेही 1928 मध्ये लॅटिन लिपी घेतली होती, म्हणजे इस्तंबूलचा पेपर बाकूत वाचता येणार. मॉस्कोला हे कसं रुचावं? 1940 पासून सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची लिपी. तीही सगळ्यांना एकसारखी नाही : 'ज'साठी तातारांना एक अक्षर, अझरबैजानला दुसरंच.

अहमदच्या नावातला पहिला स्वर आपल्या 'बॅट'मधल्या ॲसारखा. त्यासाठी लॅटिनमधला छोटा 'ई' डोक्यावर उभा केलेला. सिरिलिक आली तरी हा पठ्ठ्या तसाच उभा. सोव्हिएत संघ फुटत असताना, 1991 च्या डिसेंबरात लॅटिन परतली, तेव्हा मात्र त्याला काढून दोन टिंबांचा 'ए' बसवला. पण त्या भाषेत सगळ्यांत जास्त लागणारं अक्षर नेमकं हेच. पानभर टिंबंच टिंबं! 1992 मध्ये उलटा 'ई' परत आला. ऐंशी ओलांडलेला अहमद तेव्हा पेन्शनच्या कागदावर कोणती सही करत असेल?

आमच्या आजोबांची सही मोडीत, हात न उचलता केलेली. खरेदीखतावर आहे. ती आजोबांची, हे वडील सांगायचे. वाचता त्यांनाही येत नसे.

मुलीने कोरी स्लिप पुढे सरकवली. तीन सह्या खोडल्या. चौथीतही झोका आला नाही, पण मागे रांग वाढली होती. "चालेल," ती म्हणाली.