स्टर्नड्राइव्ह काढून आउटबोर्ड: आधी ट्रान्सम, मग मोटर

स्टर्नड्राइव्हची बोट (इंजिन आत, प्रॉपेलर फिरवणारा ड्राइव्ह मागून बाहेर) आउटबोर्डवर, म्हणजे बाहेर मागे टांगलेल्या मोटरवर, न्यायची ठरली की पहिली चर्चा अश्वशक्तीची होते. खरं तर या कामात मोटर टांगणं सगळ्यात सोपं. मेहनत जाते ती ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर. ड्राइव्ह निघाला की तिथे मोठं भगदाड उरतं, आणि नव्या मोटरचा सगळा जोर त्याच भिंतीवर येतो. म्हणून मोटर मागवण्याआधी ट्रान्सम तपासा.

बहुतेक जुन्या फायबरग्लास बोटींच्या ट्रान्सममध्ये दोन थरांच्या मध्ये प्लायवूडचा गाभा असतो. ड्राइव्हसाठी कापलेल्या कडेतून आणि बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं, तळाशी साठतं आणि लाकूड खालून वर कुजत जातं. बाहेरून जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, चकचकीतच दिसतो. आतल्या बाजूने, कापाभोवती आणि अगदी तळाशी, ६ मिमीची पाच-सहा भोकं पाडा. बाहेरचा थर मात्र फोडू नका. फिकट, कोरडा, बोटांतून भुरभुरणारा भुसा आला तर लाकूड शाबूत आहे. काळपट, ओलसर, बिटला चिकटून येणारा आणि कुबट वास मारणारा भुसा एका जरी भोकातून निघाला, तर ठिगळ लावत बसू नका, पूर्ण गाभा बदला. ब्रॅकेटवर, म्हणजे ट्रान्समला मागून बोल्टने बसवलेल्या पोकळ डब्यावर, मोटर टांगली की वरचे बोल्ट ट्रान्समला मागे ओढतात आणि ब्रॅकेटची खालची कड आत दाबते. हा ताण पूर्ण भिंतीने पेलायचा असतो, ठिगळाने नव्हे.

गाभा काढण्याआधी वजनाचं गणित करा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त किलो मोजणं. बोट पाण्यात ज्या बिंदूभोवती पुढेमागे झुकते, तिथपासून प्रत्येक वजन किती लांब आहे ते महत्त्वाचं, म्हणून किलोला मीटरमधल्या अंतराने गुणायचं. साधारण ६.५ मीटरच्या बोटीचं उदाहरण घेऊ, हा बिंदू ट्रान्समच्या २.४ मीटर पुढे धरू. जुनं इंजिन ३५० किलो, बिंदूपासून १.८ मीटर मागे: ६३०. ड्राइव्ह ८० किलो, २.७ मीटर मागे: २१६. बेरीज ८४६ किलो-मीटर. आता ७५ सेंमी मागे जाणाऱ्या ब्रॅकेटवर २५० किलोची मोटर ३.३५ मीटर मागे: ८३८. ब्रॅकेट ५० किलो, २.८ मीटर मागे: १४०. बेरीज ९७८. म्हणजे बोट १३० किलोने हलकी झाली, तरी मागचा भार १३२ किलो-मीटरने वाढला. प्रत्येकी ३० किलोच्या दोन बॅटऱ्या २.५ मीटर पुढे नेल्या की १५० वजा होतात आणि हिशोब जुळतो. ब्रॅकेटचा पोकळ डबा बोट थांबलेली असताना तरंगायला मदत करतो, पण वेगात तो पाण्याबाहेर येतो. त्याच्या भरवशावर गणित सोडवू नका. शिवाय मागे वजन टाकून कॉकपिटचे निचऱ्याचे पाइप पाण्याखाली जात नाहीत ना, तेही आधीच बघा.

गाभा आतून बदलायचा. आतला थर कडेने ७-८ सेंमी पट्टी ठेवून कापा आणि सडलेलं लाकूड खरवडून काढा. बाहेरच्या थरातलं भगदाड आधी भरायचं: बाहेरून मेण लावलेली सपाट फळी आवळून बसवा आणि कापाची कड आतल्या बाजूने १:१२ उताराने घासा, म्हणजे ५ मिमी थराला ६० मिमी रुंद उतार. रेझिन इपॉक्सीच घ्या, कारण जुन्या फायबरग्लासवर पॉलिएस्टरची पकड कमी पडते. कापड शिवलेलं बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं. तुकडे केलेल्या धाग्यांची साधी चॉप्ड मॅट नको, कारण धागे धरून ठेवणारा तिचा बाइंडर इपॉक्सीत विरघळत नाही. थर वाळल्यावर वर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय सँडिंग केलं तर पुढचा थर सुटतो.

मग १८-१९ मिमी मरीन प्लायवूडचे दोन थर, एकूण जाडी फायबरग्लाससह ५० मिमीच्या आसपास. आधी लाकडाला पातळ इपॉक्सी पाजा, नंतर सिलिका घालून, उभ्या भिंतीवर ओघळणार नाही इतकी घट्ट केलेली इपॉक्सी दाताळ्या पट्टीने पसरा. आवळल्यावर चारही कडांनी ती बाहेर यायला हवी. जिथे येत नाही तिथे आत पोकळी आहे. शेवटी ट्रान्सम आणि तळाच्या स्ट्रिंगरना (लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधारपट्ट्यांना) जोडणारे त्रिकोणी आधार बसवा. ते टाळले तर काही महिन्यांत कोपऱ्यात केसासारख्या भेगा दिसतात.

बोल्टची भोकं थेट पाडू नका. २० मिमी भोक पाडून घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून १३ मिमी भोक काढा, म्हणजे गाभ्याला पाणी लागतच नाही. आतून १० मिमी अॅल्युमिनियमची पाठपट्टी द्या आणि स्टेनलेस बोल्टला गंजरोधक पेस्ट लावा. अॅल्युमिनियम ब्रॅकेटवर तांबंयुक्त अँटीफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले रोखणारा) कधीच नको, धातू खाल्ला जातो.

मोटरची उंची: ब्रॅकेट जितका मागे, तितकी मोटर वर. ७५ सेंमीला अँटीव्हेंटिलेशन प्लेट (प्रॉपेलरच्या वरची आडवी पट्टी) तळाच्या रेषेपेक्षा सुमारे ५ सेंमी वर ठेवून सुरुवात करा आणि एकेक भोक, म्हणजे १९ मिमी, सरकवा. खाली राहिली तर ब्रॅकेटवर पाण्याचा मारा बसतो आणि सुकाणू जड होतं. जास्त वर गेली तर वळणावर प्रॉपेलर हवा ओढतो आणि मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब पडतो. म्हणून दाबाचा गेज लावाच.

इंधनासाठी १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, १० मिमी आतल्या व्यासाची नवी नळी, आणि टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटली तर इंधन आपोआप वाहू न देणारी झडप) जुना असला तरी ठेवायचाच. पेट्रोलची टाकी त्याच बंदिस्त जागेत राहणार असेल तर ब्लोअर, म्हणजे वाफा बाहेर फेकणारा पंखा, काढू नका. स्टीअरिंग हायड्रॉलिक घ्या. बॅटऱ्या पुढे गेल्यामुळे केबल लांबते, तेव्हा धन आणि ऋण दोन्हींची लांबी जोडून जाडी ठरवा, नाहीतर थंड मोटर सुरू करताना व्होल्टेज कोसळतं.

चाचणीत पूर्ण थ्रॉटलला आरपीएम उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ यायला हवेत. प्रॉपेलरचा पिच (एका फेरीत तो पुढे जाण्याचं अंतर) एक इंचाने बदलला तर साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. पहिल्या दहा तासांनंतर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि वरच्या दोन बोल्टभोवतीच्या जेलकोटवर बोट फिरवा. ताऱ्यासारख्या पसरलेल्या भेगा हाताला लागल्या तर बोट पाण्याबाहेर काढून आतला थर उघडा.